वापरलेला संगणक : कचेरीपासून माजघरापर्यंत

जुन्या वस्तूविषयी आपल्या घरांतून एक चमत्कारिक न्याय चालतो. आजोबांचे घड्याळ बंद पडलेले असले तरी दिवाणखान्यात मिरवते. तेच घड्याळ बाजारातून वापरलेले आणले असते तर ते कोठून आणले हे सांगताना मंडळींनी आवाज खाली केला असता. संगणकाच्या बाबतीत तर हा संकोच अधिकच जाणवतो. खेरडी आणि आसपासच्या मराठी कुटुंबांतून गेली काही वर्षे एकच प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. घरी चार पत्रे लिहायची, विजेचे देयक भरायचे, पुण्यात किंवा परदेशात असलेल्या नातवंडांशी बोलायचे आणि जमल्यास घरातील जुने कागद नीट जपून ठेवायचे, एवढ्यासाठी एखादा साधा, स्वस्त आणि आवाज न करणारा संगणक हवा आहे. तो वापरलेला घेतला तर चालेल काय? प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याचे उत्तर आम्ही इतिहासाच्या वाटेने देऊ इच्छितो. याचे कारण असे की वापरलेल्या संगणकाची कथा भारतात बरीच जुनी आहे आणि तिची पहिली पाने आपल्याजवळच्या मुंबईत लिहिली गेली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक पूर्णांशाने चालू झाला, तो येथल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला होता. निर्वात नळ्यांवर चालणारे ते अवाढव्य यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. ते संशोधनासाठी होते. व्यापारी कचेरीत संगणक शिरला तो १९६१ मध्ये, एस्सो या तेलकंपनीच्या मुंबईतील कार्यालयात, आणि ते यंत्र होते आय.बी.एम. कंपनीचे १४०१. योगायोग असा की त्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, आपला दादरा व नगर हवेलीचा मुलूख विधिवत भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजीच मुक्त झाले होते. मधली सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने येथला कारभार पाहिला. तो सारा कारभार टाकाने, दौतीने आणि फार तर टंकलेखन यंत्राने चालला, हे वेगळे सांगावयास नको.

१४०१ हे यंत्र अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झाले होते. साठीच्या दशकाच्या मध्यास तेथे नवी यंत्रमालिका आली आणि भाड्याने दिलेली १४०१ यंत्रे ग्राहकांकडून परत येऊ लागली. तेथे निरुपयोगी ठरत चाललेली ही यंत्रे कंपनीने भारतात आणली, आपल्या मुंबईच्या कारखान्यात ती उघडून, साफ करून, दुरुस्त करून पुन्हा उभी केली आणि येथील कार्यालयांना भाड्याने दिली. म्हणजे आपल्याकडच्या कित्येक नामांकित कचेऱ्यांतून ज्या यंत्राकडे कर्मचारी भीतियुक्त आदराने पाहत, ते यंत्र वापरलेलेच होते. वातानुकूलित खोलीत, काचेआड, पादत्राणे बाहेर काढून ज्याचे दर्शन घ्यावे लागे, ते दुसऱ्याच्या घरून उतरलेले होते!

या व्यवहारावर पुढे संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये कडक टीका केली. आम्हांस मात्र त्या टीकेतील एक सूक्ष्म भेद महत्त्वाचा वाटतो. यंत्र जुने असणे हा खरा दोष नव्हता. जुन्या यंत्राला नव्यासारखे भाडे लावणे आणि त्याच्या दुरुस्तीची किल्ली कंपनीने स्वतःच्याच कनवटीला ठेवणे, हा तो दोष होता. ग्राहकाला यंत्र विकत मिळत नसे, त्याचे झाकण उघडण्याचाही अधिकार नसे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवलातील आपला हिस्सा कमी करण्यास कंपनीने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती भारतातून निघून गेली. तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल कोणी करावी, हा प्रश्न उभा राहिला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने ती जबाबदारी उचलली. कंपनी गेली तरी यंत्रे चालत राहिली. येथल्या माणसांनी ती उघडली, समजून घेतली आणि चालवली. वापरलेला संगणक निवडताना जी पहिली कसोटी आम्ही सांगणार आहोत, ती येथूनच निघते: जे यंत्र गावातला कारागीर साध्या पेचकसाने उघडू शकतो, तेच घ्यावे.

पुढचा काळ वाचकांच्या आठवणीतला आहे. आयुर्विमा महामंडळात आणि बँकांत संगणकाला कामगार संघटनांनी केलेला विरोध, १९८४ चे नवे संगणक धोरण, बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. रंगराजन यांच्या समितीचा त्याच वर्षीचा अहवाल, या साऱ्यांतून वाट काढत टेबलावर मावणारा संगणक कचेऱ्यांत आला. घरांत तो आला तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले. पुढे अधिकृत पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आले, परंतु गिऱ्हाइकांच्या तोंडी जुनेच राहिले. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या या बाजाराने नव्वदीच्या दशकात संगणकाचे सुटे भाग मांडले. पेटी एकाची, पाटी दुसऱ्याची, स्मृती तिसऱ्याची असा जुळवलेला संगणक तयार होई आणि नामांकित कंपनीच्या संगणकापेक्षा पुष्कळ स्वस्त पडे. आपल्या बाजूची मंडळी वापीहून सकाळची फ्लाइंग राणी धरून मुंबई सेंट्रलला उतरत, बाजार करीत आणि संध्याकाळच्या गाडीने खोका मांडीवर घेऊन परतत. त्या गाडीचे दुमजली डबेही २०२३ मध्ये निघाले.

दरम्यान आपल्या मुलखातच एक मोठे परिवर्तन घडत होते. विक्रीकराच्या सवलतीमुळे ऐंशी आणि नव्वदीच्या दशकांत मसाट, रखोली, दादरा, नरोली, खेरडी असे करीत गावोगाव कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. सूत, प्लॅस्टिक, तांबे, औषधे; माल कोणताही असो, फाटकाजवळच्या छोट्या कचेरीत हिशेबाचा एक संगणक असायचाच. त्यावर टॅली चाले, मालाच्या पावत्या निघत. आपल्या घरांतील कितीतरी मुलांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी संगणक पाहिला तो येथे. आणि कंपनीने नवी यंत्रे घेतली की जुनी यंत्रे हिशेबनिसाच्या, भांडारपालाच्या, कधी शिपायाच्याही घरी अल्प किमतीत जात. लॅमिंग्टन रोडपर्यंत न जाता आपल्याकडे वापरलेला संगणक आला तो असा. बहात्तर गावांच्या या छोट्या प्रदेशात तो आला हे विशेष. वारली, कोकणा, धोडिया यांच्या पाड्यांशेजारी आणि आपल्या दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या कुटुंबांच्या माजघरांत तो एकाच सुमारास पोहोचला.

मात्र कचेरीतून घरी आलेल्या त्या यंत्राने एक गोष्ट सोबत आणली, ती म्हणजे घरघर. कारखान्याच्या कचेरीत, शेजारी सूत पिळणारी यंत्रे धडधडत असताना, संगणकाचा पंखा कोणाच्या कानावर जाणार? तेच यंत्र आजीच्या पलंगाशेजारी ठेवले म्हणजे खरी परीक्षा होते. आवाजाचाही इतिहास आहे आणि तो कोणी फारसा लिहीत नाही. १४०१ बरोबर येणारे छपाईयंत्र मिनिटाला सहाशे ओळी छापी. त्याच्या खोलीत बोलणे कठीण होई. त्यामानाने टेबलावरचा पहिला संगणक शांतच म्हणायचा. १९८४ मध्ये ॲपल कंपनीने काढलेल्या मॅकिन्टॉशमध्ये तर पंखाच नव्हता. स्टीव्ह जॉब्स यांचा तो आग्रह होता. यंत्र फार तापते असे अनुभवास आल्यावर १९८७ च्या नव्या आवृत्तीत पंखा आलाच. नंतर प्रोसेसरचा वेग वाढवण्याची शर्यत सुरू झाली, आणि वेग म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे पंखा. २००४ च्या सुमाराचे पेंटियम ४ हे याचे टोक होते; त्यांतील काही प्रोसेसर एकटेच शंभर वॅटांच्या घरात वीज खात, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी उष्णता एका नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडे. २००६ मध्ये त्याच कंपनीने दिशा बदलली आणि कोअर २ ड्युओ हा पासष्ट वॅटांचा प्रोसेसर आणला. आज वापरलेल्या बाजारात जे छोटे संगणक मिळतात, त्यांतील प्रोसेसर बहुधा पस्तीस वॅटांचे असतात, आणि नुसते पत्र लिहीत असता त्याहून कितीतरी कमी वीज घेतात.

पंख्याचे शास्त्र थोडे समजून घेतले तर निवड सोपी होते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर आवाज साधारण पंधरा डेसिबलने वाढतो. आणि दहा डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट भासते. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलण्यासाठी फार वेगाने फिरावे लागते, म्हणून तो केकाटतो. मोठा पंखा संथ फिरून तेच काम करतो. दुसरा आवाज असे फिरत्या हार्डडिस्कचा. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. त्याची एक सलग घुमी लाकडी टेबलात उतरते आणि टेबल तबल्याप्रमाणे तिला साथ देते. हार्डडिस्कच्या जागी एस.एस.डी. बसवली की हा आवाज समूळ नाहीसा होतो, कारण तिच्यात फिरणारे काहीच नाही. जुन्या यंत्राला नवसंजीवनी देणारा याहून स्वस्त उपाय आम्हांस तरी ठाऊक नाही. यंत्र शांत होते आणि चालू व्हायला जेथे चहा उकळण्याइतका वेळ लागे, तेथे अर्ध्या मिनिटाच्या आत काम सुरू होते.

शांततेचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. झोपमोड हे एक कारण आहेच. पण आमच्या मनात दुसरे आहे. १९५४ च्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्या दिवसांत काय पाहिले, कोणाच्या घरी कोण उतरले होते, पोर्तुगीज अमलातील शाळा कशी होती, आपले आजोबा या मुलखात कोठून आणि का आले, हे सांगू शकणारे आवाज मोजके उरले आहेत. हे आवाज ध्वनिमुद्रित करण्यास घरचा संगणक आणि एक साधा मायक्रोफोन पुरेसा होतो. अशा मुद्रणात पंख्याची घरघर मागे सतत राहिली, तर वृद्ध माणसाचा क्षीण स्वर तिच्यात बुडतो. नंतर प्रणालीच्या साहाय्याने ती काढू पाहिली तर स्वराचा पोतही तिच्याबरोबर जातो. शांत यंत्र हे येथे चैनीचे नाही, कामाचे आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्या कुटुंबांतून अल्वाऱ्याचे जुने कागद आहेत, मोडीतील पत्रे आहेत, कोठे पोर्तुगीज शिक्क्यांच्या पावत्या आहेत. आणि यांच्या जोडीला एक नवाच जुना संग्रह निर्माण झाला आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. नव्वदीनंतर संगणकावर मराठीत टंकलिखित केलेली आत्मवृत्ते, कुळवृत्तांत, स्मरणिका आणि मंडळांचे अहवाल, हा तो संग्रह. हातचे लिहिलेले पान शंभर वर्षांनी वाचता येते. १९९८ साली संगणकावर लिहिलेले पान आज वाचता येईलच असे नाही.

याचे कारण मराठी अक्षरांच्या संगणकीय इतिहासात आहे. देवनागरीसाठी प्रमाणित कळफलक १९८६ मध्ये ठरला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे नेले. संगणकात एक वेगळे कार्ड बसवले की पडद्यावर मराठी उमटे. भारतीय लिप्यांची एक सामायिक संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी समाविष्ट झाली. पण विंडोजसारख्या नित्याच्या प्रणालीत युनिकोड देवनागरी येण्यास २००० साल उजाडले आणि ती अंगवळणी पडण्यास आणखी काही वर्षे गेली. मधल्या काळात छपाईचे सारे काम श्रीलिपी, आकृती, आय.एस.एम. यांसारख्या प्रणालींवर झाले. त्या प्रणालींनी मराठी मुद्रणाची फार मोठी सेवा केली, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांची पद्धत मात्र अशी की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. पडद्यावर ‘आई’ दिसे. यंत्राच्या पोटात मात्र काही रोमन अक्षरे आणि चिन्हे असत. तो विशिष्ट टंक यंत्रात नसेल तर ‘आई’च्या जागी निव्वळ गिचमीड दिसते. शिवाय प्रत्येक प्रणालीची जागावाटणी वेगळी. काही प्रणाली तर संगणकाच्या मागे एक छोटे कुलूपयंत्र लावल्याशिवाय चालत नसत, आणि ते ज्या समांतर पोर्टात बसे तो आजच्या संगणकांवर सहसा आढळत नाही. पानांची मांडणी ज्या पेजमेकरमध्ये होई, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची; त्याच कंपनीच्या पुढच्या प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्या त्या फाइली उघडतही नाहीत.

आमच्या परिचयातील एका घरी आजोबांनी निवृत्तीनंतर दोन वर्षे खपून आपल्या येथल्या शिक्षकीचे दीडशे पानांचे अनुभव संगणकावर लिहिले होते. त्यांच्या पश्चात मुलांनी घर आवरले, फाइल चकतीवर उतरवून घेतली आणि जुना संगणक भंगारवाल्यास दिला. फाइल आहे, पूर्ण आहे. परंतु टंक यंत्राबरोबर गेला. आता ते दीडशे पानांचे लेखन रोमन अक्षरांच्या जंगलात उभे आहे. तो टंक कोणता होता हे शोधून रूपांतर करणे अशक्य नाही. तरीही रूपांतरित मजकूर शब्दन् शब्द तपासावा लागतोच. आपल्या मराठीचा अर्धा र हे त्याचे उत्तम उदाहरण. समुद्र या अर्थी ‘दर्या’ आणि डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ यांत जो फरक आहे तो रूपांतरात पुष्कळदा हरवतो, आणि हिंदीच्या सवयीने बनवलेल्या साधनांना तो हरवल्याचे कळतही नाही.

म्हणून दुसरी कसोटी अशी, की ज्या यंत्रावर युनिकोड मराठी निर्वेध चालते आणि ज्याची प्रणाली अजून काही वर्षे अद्ययावत राहील, तेच घ्यावे. येथे आजच्या बाजाराकडे वळले पाहिजे, कारण वापरलेल्या संगणकांचा पूर यंत्रांच्या म्हातारपणामुळे येत नाही, प्रणालीच्या तारखांमुळे येतो. २००० सालच्या धास्तीने जगभर यंत्रे निघाली. विंडोज एक्स.पी.चा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला तेव्हा पुन्हा निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि आता सर्वांत मोठी लाट आली आहे. विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कचेऱ्यांतून बाहेर पडली आणि मातीमोलाने मिळू लागली.

यांतून दोन मार्ग निघतात. विंडोजच हवी असेल तर आठव्या किंवा पुढच्या पिढीचे यंत्र घ्यावे. आय-३ किंवा आय-५ या नावापुढे जो आकडा असतो त्याच्या आरंभीच पिढी लिहिलेली असते: ८५०० म्हणजे आठवी, ६५०० म्हणजे सहावी. आकड्याच्या शेवटी टी हे अक्षर असेल तर तो पस्तीस वॅटांचा, कमी तापणारा प्रोसेसर समजावा. दुसरा मार्ग लिनक्सचा. पाचव्या-सहाव्या पिढीच्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली उत्तम चालते, तीत मराठी कळफलक असतो आणि पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट, चित्रभाषण ही सर्व कामे होतात. घरात कोणी तरुण जाणकार असेल तर आम्ही हा मार्ग सुचवू. नसेल तर विंडोजचा. स्मृती आठ जी.बी. आणि एस.एस.डी. सुमारे अडीचशे जी.बी. एवढे घरास पुरेसे आहे. याहून अधिक सांगणारा विक्रेता आपली गरज ऐकत नाही असे खुशाल समजावे.

आकाराविषयी थोडे मतभेद संभवतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एच.पी. एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर या कचेरीच्या मालिका तीन आकारांत येतात: उभी पेटी, आडवी मध्यम पेटी आणि एखाद्या जाड शब्दकोशाएवढी छोटी पेटी. छोटीत वीजपुरवठ्याचा घटक बाहेर असतो, म्हणून त्याचा पंखा वाचतो. पत्र लिहीत असता ती जवळजवळ नि:शब्द असते. पण जड काम पडले की तिचा लहान पंखा शिट्टी घालू लागतो आणि आपल्याकडची कारखान्याच्या रस्त्याची धूळ तिच्यात लवकर अडकते. मध्यम पेटीचा पंखा मोठा, साफसफाई सोपी. केवळ लेखन आणि ध्वनिमुद्रण असेल तर छोटी, रस्त्याकाठचे घर असेल तर मध्यम, असे आमचे मत आहे. दरवाज्याजवळ जमिनीवर मात्र कोणतीच ठेवू नये. आपल्या दमट पावसाळ्यात पालीला आणि मुंग्यांना संगणकाची ऊब फार प्रिय असते.

विकत घेताना यंत्र दुकानाच्या गोंगाटात ऐकू नये. विक्रेत्याला मागच्या खोलीत नेऊन, अर्धा तास चालू ठेवून, मग कान लावावा. पंखा एका लयीत फिरतो की मध्येच खरखरतो, ते पाहावे. झाकण उघडण्यास विक्रेता नाखूष असेल तर तेथून उठावे. आत पाटीवर छोट्या डब्यांसारखे दिसणारे कपॅसिटर असतात. त्यांचे माथे फुगलेले असतील तर यंत्र घेऊ नये. २००० नंतरच्या काही वर्षांत असे सदोष कपॅसिटर जगभर लाखो यंत्रांत गेले होते. तेवढी जुनी यंत्रे आता क्वचितच विकण्यास येतात, पण भंगारातून जुळवलेली येतात. यंत्राला पूर्वीच्या कंपनीचे गुप्त परवलीचे कुलूप तर नाही ना, हे चालू करतानाच तपासावे. ते निघत नाही आणि यंत्र निरुपयोगी ठरते. छोट्या पेटीबरोबर तिचाच मूळ अडॅप्टर मागावा, कारण काही कंपन्यांची यंत्रे परका अडॅप्टर ओळखत नाहीत आणि मुद्दाम मंद चालतात. कचेरीच्या यंत्रात वाय-फाय बहुधा नसते आणि पडद्याची जोडणीही घरच्या दूरचित्रवाणीसारखी असेलच असे नाही. त्यासाठी लागणारे दोन छोटे नग किमतीत धरूनच घासाघीस करावी. घरी आणल्यावर धूळ काढून, प्रोसेसरवरची वाळलेली उष्णतावाहक खळ बदलून घेतली की पंखा पुष्कळदा आपोआप मंदावतो. पाटीवरची नाण्याएवढी बॅटरी नवी घालावी. ती संपली की संगणकाचे कॅलेंडर कित्येक वर्षे मागे जाते आणि बँकेची संकेतस्थळे दार उघडत नाहीत; घरची मंडळी मात्र यंत्र बिघडले असे समजून कारागीर बोलावतात.

राहिला घरातल्या जुन्या संगणकाचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने तो नव्याच्या निवडीहून निकडीचा आहे. ई-कचऱ्याविषयीचे पहिले नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत, आणि असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे द्यावे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ते चढवू नये. परंतु तेथे देण्यापूर्वी त्याची डिस्क बाहेर काढून ठेवावी. नवीन यंत्राला ती यू.एस.बी.च्या योग्य अडॅप्टरने जोडता येते. फ्लॉपीवर काही असेल तर यू.एस.बी.ला जोडणारा फ्लॉपी-वाचक अद्याप मिळतो. फ्लॉप्या बुरशीने गेल्या नसतील तर वाचल्या जातात, आणि पावसाळ्यापूर्वी वाचणे अधिक बरे. मराठी मजकुराच्या फाइली उतरवताना त्यांच्यासोबत त्या यंत्रातील सर्व टंकही उतरवून घ्यावेत, कोणता लागेल याचा विचार करीत बसू नये. शक्य असेल तर जुने यंत्र चालू असतानाच त्या मजकुराची एक प्रत कागदावर छापून घ्यावी, म्हणजे पुढे रूपांतर तपासताना ती समोर ठेवता येते. टंकांच्या त्या फाइली सी ड्राइव्हमधील विंडोज या फोल्डरात, फॉन्ट्स नावाच्या कप्प्यात असतात.